तापीचं पाप कोणाच्या वाट्याला?

चोपड्याहून अमळनेरला निघालं की निमगव्हाणपाशी तापी आडवी येते. एसटी पुलावर चढली की खिडकीशी बसलेल्या बाया पदर सावरून हात जोडतात, एखादी म्हातारी कनवटीचं नाणं काढून पाण्यात टाकते. खानदेशासाठी ही सूर्याची लेक आहे. आषाढ शुद्ध सप्तमीला तिचा जन्मदिवस होतो, मध्य प्रदेशात मुलताईला उगमावर आणि खाली थेट सुरतेतही. उगमापासून अरबी समुद्रापर्यंत तिची लांबी ७२४ किलोमीटर. खोऱ्याचं क्षेत्रफळ सुमारे ६५,१४५ चौरस किलोमीटर, त्यातलं ५१,५०४ महाराष्ट्रात. म्हणजे तापीचं जवळपास चार-पंचमांश खोरं मराठी मुलखात येतं.

श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, घरोघर कानबाई बसते. भाऊबंद जमतात, रोट होतात, रात्रभर गाणी चालतात आणि सोमवारी वाजतगाजत कानबाई नदीवर जाते. भाद्रपदात गणपती जातात. घरातलं माणूस गेलं की त्याच्या अस्थीही याच पाण्यात. आणि ज्या नदीत देव सोडायचे, आईबाप सोडायचे, त्याच नदीत गावोगावची गटारंही येऊन मिळतात. २०१८ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे मोजले. त्यातले ५३ एकट्या महाराष्ट्रात होते, कुठल्याही राज्यापेक्षा जास्त, आणि त्या यादीत तापीचाही पट्टा होता.

नदी पवित्र आहे, तिला काही बाधत नाही, ती सगळं पोटात घेते, अशी एक श्रद्धा आपल्याकडे आहे. तिच्यामागचा भाव खरा असेल, पण शास्त्रांनी ही सवलत कुणाला दिलेली नाही. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात पाण्यात मलमूत्र टाकायला, थुंकायलाही मनाई आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तीर्थस्थान, पाणवठा, देऊळ अशा जागा घाण करणाऱ्याला चढत्या भाजणीचा दंड सांगितला आहे. पाणी नासवणं हा अपराध आहे, याबद्दल धर्मग्रंथ आणि आजचा कायदा यांच्यात मतभेद नाही. प्रश्न पुढचा आहे. कौटिल्याच्या काळी दंड कुणी करायचा हे ठरलेलं होतं, कारण राजा एक होता. आज तापीच्या एकाच घोटावर दिल्ली, मुंबई, भोपाळ, गांधीनगर आणि काठावरच्या नगरपरिषदा अशा साऱ्यांचा थोडाथोडा अधिकार आहे. अधिकार असा वाटला गेला की पापही वाटलं जातं का?

आधी अधिकाराची वाटणी कशी झाली ते पाहायला हवं. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत तीन याद्या आहेत: केंद्राची, राज्याची, दोघांची. त्यांतल्या एकाही यादीत ‘पर्यावरण’ किंवा ‘प्रदूषण’ असा विषय मुळात नाही. पाणीपुरवठा, कालवे, सांडपाण्याचा निचरा हे राज्यसूचीच्या १७ व्या नोंदीत आहेत. सार्वजनिक आरोग्य आणि स्वच्छता सहाव्या नोंदीत, म्हणजे तीही राज्याचीच. आंतरराज्य नद्यांचं नियमन मात्र केंद्रसूचीच्या ५६ व्या नोंदीत. देशातल्या तीर्थयात्रा राज्याच्या, धार्मिक संस्था दोघांच्या. आणि धर्मस्वातंत्र्य देणाऱ्या २५ व्या कलमाला सुरुवातीलाच सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांची अट घातलेली आहे. कानबाईचा नारळ घरातून निघून पाण्यात पडेपर्यंत घटनेच्या किती नोंदी ओलांडतो, हे पाहिलं की गुंता किती खोल आहे ते कळतं.

या बाबतीत महाराष्ट्राचा इतिहास अभिमानाचा आहे, आणि तो फार थोड्यांना ठाऊक आहे. केंद्राचा कायदा येण्याआधी महाराष्ट्राने १९६९ साली स्वतःचा जलप्रदूषण प्रतिबंध कायदा केला आणि ७ सप्टेंबर १९७० रोजी मंडळही स्थापन केलं. केंद्राचा जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) कायदा आला मार्च १९७४ मध्ये. पाणी हा राज्यांचा विषय असल्यामुळे संसदेला तो आपल्या मर्जीने करता येत नव्हता. घटनेच्या २५२ व्या कलमाप्रमाणे काही राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव करून संसदेला तसं सांगावं लागलं. त्या पहिल्या १२ राज्यांत मध्य प्रदेश होता, गुजरात होता. महाराष्ट्र नव्हता. महाराष्ट्राने तो कायदा स्वीकारला १ जून १९८१ ला. मधली सात वर्षं तापी मुलताईहून एका कायद्याखाली निघायची, रावेरपासून नंदुरबारपर्यंत दुसऱ्या कायद्याखाली वाहायची आणि गुजरातेत शिरली की पुन्हा पहिल्या कायद्याखाली जायची. पाणी तेच होतं.

पुढे केंद्राला दुसरी वाट सापडली. १९७२ साली स्टॉकहोमला मानवी पर्यावरणावर संयुक्त राष्ट्रांची परिषद झाली. इंदिरा गांधी तिथे स्वतः बोलल्या. आंतरराष्ट्रीय परिषदेतला निर्णय अमलात आणायचा असेल तर २५३ व्या कलमाखाली संसदेला राज्यांच्या विषयावरही कायदा करता येतो. १९८१ चा हवा प्रदूषणाचा कायदा त्या आधारावर झाला. भोपाळच्या वायुगळतीत डिसेंबर १९८४ च्या एका रात्रीत हजारो माणसं गेली आणि त्यानंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदाही याच वाटेने आला. त्याच्या पाचव्या कलमाने केंद्राला थेट आदेश देण्याचा अधिकार मिळाला. तरी रोजचं काम राज्याच्या मंडळाकडेच राहिलं: परवाने, नमुने, नोटिसा, तपासणी. जल कायद्याचं अठरावं कलम सांगतं की राज्य मंडळाने केंद्रीय मंडळाचे आणि राज्य सरकारचे, दोघांचेही आदेश पाळायचे. दोन आदेश एकमेकांविरुद्ध गेले तर निवाडा केंद्र सरकार करील. वर ७४ व्या घटनादुरुस्तीने पाणीपुरवठा, स्वच्छता आणि पर्यावरणरक्षण ही कामं नगरपरिषदांच्या बाराव्या अनुसूचीत घातली. काम खाली गेलं. पैसा त्या प्रमाणात गेला नाही. १९७७ पासून पाणी वापरणाऱ्या उद्योगांकडून आणि पालिकांकडून उपकर घेऊन त्यातला वाटा राज्य मंडळांना मिळत असे, तोही २०१७ साली जीएसटी आला तेव्हा बंद झाला.

हे सगळं चोपड्याच्या नजरेतून पाहावं. गावातली रत्नावती, तालुक्याच्या कडेची अनेर, अशा नद्यांतून सातपुड्याचं पाणी तापीकडे जातं. वरच्या अंगाला भुसावळचा परिसर. तिथे केंद्राची रेल्वे आहे, केंद्राच्या आयुधनिर्माणी आहेत, राज्याचं दीपनगरचं औष्णिक वीज केंद्र आहे, हतनूरचं धरण आहे, नगरपरिषद आहे. त्याच्याही वर, राज्याची हद्द ओलांडली की बुऱ्हाणपूर. यांतलं कोण किती घाण सोडतं हा इथला विषय नाही. मुद्दा असा की चोपड्याच्या घाटावर पाण्याला वास आला तर तिथल्या माणसाने कुणाचं दार वाजवायचं? नगरपरिषद म्हणेल, आमचं गटार लहान, वरून काय येतं ते बघा. जळगावचं प्रदूषण मंडळाचं कार्यालय नमुना घेईल, पण हद्दीपलीकडे त्याचा हात पोचत नाही. दिल्लीचं मंडळ म्हणेल, अंमलबजावणी राज्याची. यातलं प्रत्येक उत्तर कायद्याला धरून आहे. पाणी मात्र तसंच राहतं.

गणेशमूर्तींच्या बाबतीत हे साऱ्या महाराष्ट्राने पाहिलं. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात गेलं की त्याचं जिप्सम होतं आणि ते विरघळायला फार काळ घेतं; वरच्या रंगांतली शिसं, पारा यांसारखी द्रव्यं पाण्यात उतरतात. केंद्रीय मंडळाने २०१० साली विसर्जनाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या आणि १२ मे २०२० रोजी सुधारित सूचनांत पीओपीच्या मूर्तींना मनाई केली. त्याच महिन्यात केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने अंमलबजावणी वर्षभर पुढे ढकलली. मग वर्षं गेली. ३० जानेवारी २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने माघी गणपतीच्या तोंडावर मनाई काटेकोर पाळायला सांगितली, तेव्हा काही मंडळांचे गणपती विसर्जनाविना राहिले. राज्य सरकारने अनिल काकोडकरांच्या अध्यक्षतेखाली अभ्यास करवून घेतला, तो केंद्रीय मंडळाकडे गेला, तिथल्या तज्ज्ञांनी मूर्ती घडवायला हरकत नाही पण नैसर्गिक पाण्यात सोडू नका असं मत दिलं. ९ जून २०२५ ला न्यायालयाने त्याप्रमाणे मूर्ती घडवायला आणि विकायला वाट मोकळी केली आणि राज्याला विसर्जनाचं धोरण आखायला सांगितलं. जुलैच्या अखेरीस ठरलं की सहा फुटांपर्यंतच्या पीओपीच्या मूर्ती कृत्रिम तलावातच सोडायच्या.

या पाच वर्षांत कुणी उघड अन्याय केला असं नाही. मूर्तिकारांच्या पोटाचा प्रश्न खरा होता, भाविकांची अडचणही खरी होती. पण एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात पीओपीची मूर्ती विरघळवण्याची साधी रीत दाखवली, पुणे महापालिकेने २०२० च्या कितीतरी आधीच ती वापरात आणली, आणि त्यातून खतासाठी अमोनियम सल्फेटही मिळू लागलं. ज्याच्या हातात जे होतं ते त्याने केलं, वरच्या आदेशाची वाट पाहिली नाही. अधिकार कुणाचा हा वाद चालू असतानाही कर्तव्य करता येतं, याचा हा पुरावा आहे.

आता मूळ प्रश्नाकडे. वाल्याची गोष्ट मराठी घरात प्रत्येकाने ऐकलेली असते. वाटसरूंना लुटून आणलेल्या धनात बायकामुलांचा वाटा होता. पापात वाटेकरी व्हाल का, असं त्याने विचारलं तेव्हा सगळ्यांनी नाही म्हटलं. ही गोष्ट सांगते की लाभ वाटता येतो, पाप वाटता येत नाही. पण धर्मशास्त्रात दुसरा हिशेबही आहे, आणि तो राज्यकर्त्यांसाठी आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायाप्रमाणे जो राजा प्रजेचं रक्षण करतो त्याला तिच्या पुण्याचा सहावा भाग मिळतो, आणि जो करत नाही त्याला तिच्या पापाचा सहावा भाग. शेतमालावर राजाचा करही सहावा भागच असे. कर घेतलास तर पापातही तुझा वाटा आहे, असं हे साधं गणित आहे.

दोन्ही मतं वरवर विरुद्ध दिसतात, पण तशी नाहीत. राजाच्या खात्यात सहावा भाग गेला म्हणून पाप करणाऱ्याचं पाप तेवढ्याने कमी झालं, असा अर्थ शास्त्रकारांच्या मनात असणं अवघड आहे. तसं असतं तर हलगर्जी राजाच्या राज्यात पाप करणं स्वस्त पडलं असतं. राजाचा दोष वेगळा, तो न राखल्याचा. करणाऱ्याचा दोष वेगळा, तो केल्याचा. दोन दोष शेजारी उभे राहतात. एकाने दुसऱ्यातून वजाबाकी होत नाही. आजच्या कायद्यालाही हे मान्य आहे. घटनेच्या ४८अ कलमाने पर्यावरणरक्षणाचं कर्तव्य ‘राज्या’वर टाकलं, आणि घटनेच्या त्या भागात ‘राज्य’ म्हणजे संसद, केंद्र सरकार, राज्य सरकार, विधिमंडळ आणि प्रत्येक स्थानिक संस्था. ५१अ कलमाने तेच कर्तव्य प्रत्येक नागरिकावरही टाकलं. दोन्ही १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने आली. अधिकारांच्या तीन याद्या आहेत, पण या कर्तव्याच्या याद्या कुणी केलेल्या नाहीत.

खानदेशाला या विचाराचा वारसा आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली आणि ती उतरून घेतली अमळनेरला शिक्षक राहिलेल्या साने गुरुजींनी. त्याच अमळनेरला प्रताप शेठजींनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं, जिथे देशभरचे अभ्यासक येऊन वेदान्तावर काम करत. त्या प्रवचनमालेचा शेवट ज्या अठराव्या अध्यायावर झाला, त्यात कर्माची पाच कारणं येतात: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. कोणतंही कर्म एकट्याच्या हातून होत नाही, असा याचा अर्थ. तापीच्या घाणीला हे तंतोतंत लागू पडतं. पसरलेलं खोरं आहे, घाण सोडणारा आहे, गटारं आणि परवान्याचे कागद आहेत, शेकडो लहान हालचाली आहेत, आणि ज्या वर्षी पाऊस दगा देतो त्या वर्षी पात्रात पाणी कमी असल्याने तीच घाण दुप्पट जाचते.

इथे एक धोका आहे. ‘कर्ता मी एकटा नाही’ हे वचन साधकाच्या तोंडी नम्रता असतं, आणि फाइल पुढे सरकवणाऱ्याच्या तोंडी पळवाट. गीतेला हा धोका माहीत होता. त्याच अध्यायात, पाच कारणांच्या आधीच, ती सांगते की नेमून दिलेलं कर्म मोहाने टाकणं हा तामस त्याग, आणि त्रास होईल म्हणून टाकणं हा राजस त्याग. असा राजस त्याग करणाऱ्याला त्यागाचं फळ मिळत नाही. ‘आमच्या कक्षेत येत नाही’ असं उत्तर देऊन तक्रार परत पाठवणं हा यातला कोणता त्याग, हे ज्याने त्याने ठरवावं. पण तो त्याग निर्दोष नाही, एवढं नक्की.

म्हणून अधिकारांची वाटणीच चुकीची, असं म्हणणं उतावीळपणाचं होईल. मानकं पूर्णपणे राज्यांवर सोडली तर उद्योग खेचण्यासाठी प्रत्येक जण शेजाऱ्यापेक्षा सैल होईल, आणि सीमेवरच्या खानदेशाला त्याचा फटका पहिला बसेल. त्यासाठी केंद्राने खालची रेघ आखणं योग्यच आहे. १९८६ च्या नियमांप्रमाणे राज्य मंडळ ती रेघ आणखी कडक करू शकतं, सैल करू शकत नाही. उलट सगळं दिल्लीहून चालवलं तर अनेरला पूर कधी येतो आणि कुठल्या नाल्यात उन्हाळ्यात फक्त सांडपाणीच वाहतं, हे कुणाला कळणार? वाटणी हवीच. खोट आहे ती वाटणीबरोबर कर्तव्यही विभागलं गेलं असं धरून चालण्यात.

या खोटीची किंमत शेवटी कोण भरतं तेही दिसलं आहे. गावोगावचं सांडपाणी आणि कचरा यांवर वेळेत प्रक्रिया न केल्याबद्दल राष्ट्रीय हरित लवादाने सप्टेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र सरकारला सुमारे १२,००० कोटी रुपयांची भरपाई ठोठावली. सरकारी भरपाई म्हणजे कर भरणाऱ्याचाच पैसा. २०२४ च्या दुरुस्तीने तर जल कायद्यातल्या बऱ्याच गुन्ह्यांना तुरुंगाऐवजी १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड आला आणि राज्य मंडळाचा अध्यक्ष कसा नेमायचा याची पद्धत ठरवण्याचा अधिकार केंद्राकडे गेला. ती दुरुस्ती आधी हिमाचल प्रदेश, राजस्थान आणि केंद्रशासित प्रदेशांना लागू झाली. बाकीच्यांना विधिमंडळाचा ठराव लागतो. दंड हवाच. पण आपल्या परंपरेत प्रायश्चित्त नुसत्या दक्षिणेने पुरं होत नाही, आधी दोष आपला म्हणून कबूल करावा लागतो. पैसे भरून मोकळं होणं हे प्रायश्चित्त नव्हे.

मार्च २०१७ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा-यमुनेला कायद्याने व्यक्ती ठरवलं. काही महिन्यांतच सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. उत्तराखंड सरकारची अडचण अशी होती की नदी अनेक राज्यांतून जाते, मग एका राज्याच्या अधिकाऱ्यांनी साऱ्या नदीचं पालकत्व कसं घ्यायचं? म्हणजे देवत्व मान्य केलेल्या नदीलाही पालक मिळेना, कारण पालकांच्या हद्दी वेगळ्या. तापीला व्यक्ती म्हणा किंवा माता, तिचंही दुखणं हेच आहे.

त्यावर उपाय जुन्या कायद्यातच पडून आहे. जल कायद्याच्या १३ व्या कलमाखाली शेजारच्या राज्यांना आपसात करार करून संयुक्त मंडळ नेमता येतं. त्याआधीच्या १९५६ च्या नदी मंडळ कायद्यातही आंतरराज्य नदीचं प्रदूषण रोखणं हे एक काम म्हणून नोंदलेलं होतं; त्या कायद्याखाली आजवर एकही नदी मंडळ उभं राहिलेलं नाही. तापीच्या पाण्यासाठी मात्र राज्यं एकत्र येऊ शकतात. १० मे २०२५ रोजी भोपाळमध्ये मध्य प्रदेश आणि महाराष्ट्राने तापी महापुनर्भरण योजनेचा करार केला, आणि तो चांगलाच झाला. पण ज्या टेबलावर पाण्याचा वाटा ठरतो त्याच टेबलावर त्या पाण्याच्या स्वच्छतेचाही विचार झाला पाहिजे. चोपडा, अमळनेर, भुसावळ आणि शिरपूर इथल्या नगरपरिषदांनी आणि काठावरच्या ग्रामसभांनी, तापीसाठी मध्य प्रदेश, महाराष्ट्र आणि गुजरात यांचं संयुक्त मंडळ कलम १३ खाली नेमावं, असा ठराव करून तो जिल्हाधिकाऱ्यांमार्फत सरकारकडे पाठवावा. आणि तो पाठवताना आपापल्या गावचं गटार आपण कधी थांबवणार, ती तारीखही त्याच ठरावात लिहावी.